रेसिंग रिगवर पडदाही वेगवान हवा आणि आवाजही चहूबाजूंनी हवा? मग केबलपासून सुरुवात करा

पीसीवर सिम रेसिंग (म्हणजे खऱ्यासारख्या गाड्या चालवण्याचे खेळ) सुरू करणारे बहुतेक जण आधी व्हील-पेडल घेतात, मग चांगला मॉनिटर घेतात आणि आवाजाकडे सगळ्यात शेवटी वळतात. अनेकांच्या घरात होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे आवाज स्पीकरना वाटून देणारा अ‍ॅम्प, आणि पाच स्पीकर असतात. मग पीसीची एचडीएमआय केबल रिसीव्हरला आणि रिसीव्हरची मॉनिटरला अशी सरळ जोडणी होते. मागची गाडी खरोखर मागून ऐकू येते आणि मजा येते. पण १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर त्या क्षणापासून ६० वर चालू लागलेला असतो, आणि हे कित्येकांच्या आठवडेच्या आठवडे लक्षातही येत नाही. आज ब्रेकिंग का जमत नाहीये, एवढंच मनात घोळत राहतं.

रिगची, म्हणजे सीट, व्हील, पेडल आणि पडद्याच्या संचाची, खालची सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे: आवाजाच्या उपकरणाने पडद्याचा वेग ठरवू नये. चित्राला सगळ्यात जवळची वाट द्यायची आणि आवाजाची वाट वेगळी काढायची. दोघांना एकाच वाटेने न्यायचं असेल, तर त्या वाटेवरचं प्रत्येक उपकरण तेवढ्या ताकदीचं आहे याची खात्री आधी करायची.

पायरी १: पडद्याकडून काय हवंय ते आधी ठरवा

६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० वर ८.३ आणि १४४ वर ६.९. इटलीतल्या मोन्झा ट्रॅकच्या मुख्य सरळ रस्त्यावर जीटी३ वर्गाची रेसिंग गाडी ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. त्या वेगात ६० हर्ट्झवर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत गाडी सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकलेली असते, १२० वर त्याच्या निम्मी. पहिल्या शिकेनसाठी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी) ब्रेक लावताना अंतराच्या पाटीवर नजर ठेवणाऱ्याला हा फरक पायात जाणवतो.

आता ग्राफिक्स कार्डावरचा भार बघा. १०८० पी पडद्यावर साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४० पी वर ३७ लाख, ४ के वर ८३ लाख. १४४० पी चे तीन मॉनिटर लावलेत की आकडा १ कोटी १० लाखांवर जातो, म्हणजे ४ के पेक्षाही जास्त. नवीन माणसाने मध्यम ताकदीच्या कार्डावर तीन पडद्यांचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकच ३२ इंची १४४० पी मॉनिटर व्हीलबेसच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या मोटरच्या, अगदी मागे, डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आणलात, तर ६० अंशांचा दृश्यकोन मिळतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. खेळातला फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दाखवला जाणारा दृश्यकोनसुद्धा खऱ्या मापावर ठेवा. तो उगाच वाढवला की वेगाचा अंदाज चुकतो.

फ्रेम मोजताना एकट्याने लॅप मारून मोजू नका. पूर्ण ग्रिड, रात्र, पाऊस आणि शर्यतीची सुरुवात अशी सगळ्यात वाईट परिस्थिती लावा. तिथे जो आकडा टिकतो तोच तुमचा खरा आकडा. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेणारी सोय) असेल तर ते चालू करा आणि फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चारने खाली बांधा. शर्यतीत कधी १६० तर कधी ७५ फ्रेम मिळण्यापेक्षा सलग १०० मिळणं केव्हाही चांगलं, कारण ब्रेकचं टायमिंग सवयीवर चालतं आणि सवय लागायला सातत्य हवं.

पायरी २: केबलची वाट निवडा

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

तुम्ही रिगसमोर टीव्ही लावला असेल, तर काम सोपं आहे. पीसीतून एचडीएमआय २.१ केबल थेट टीव्हीत घाला आणि टीव्हीच्या ईआर्क पोर्टमधून (टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टमधून) रिसीव्हर किंवा साउंडबारकडे आवाज न्या. ईआर्कमधून ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर) पर्यंतचा न दाबलेला आवाज जातो आणि चित्र रिसीव्हरला स्पर्शही करत नाही. ४ के १२० हर्ट्झ आणि जी-सिंक-फ्रीसिंकसारखा व्हेरिएबल रिफ्रेश रेट दोन्ही शाबूत राहतात. टीव्हीवर गेम मोड चालू हवाच. आवाजाच्या सेटिंगमध्ये पास-थ्रू असेल तर ते निवडा, म्हणजे टीव्ही स्वतःच्या प्रक्रियेत वेळ घालवणार नाही. केबल अल्ट्रा हाय स्पीड प्रमाणपत्राची आणि शक्यतो ३ मीटरच्या आतली घ्या.

टीव्हीला ईआर्क नसून नुसतं आर्क (त्याचीच जुनी आवृत्ती) असेल, तर गणित बदलतं. आर्कमधून, तसंच ऑप्टिकल केबलमधून, न दाबलेला आवाज फक्त स्टिरिओत जातो. ५.१ हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधून पाठवावा लागतो. सिनेमात तो आधीच बांधलेला असतो. खेळात मात्र आवाज त्या त्या क्षणी तयार होतो, त्यामुळे पीसीवर डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखा चालता एन्कोडर, म्हणजे आवाज तिथल्या तिथे बांधून देणारी सोय लागते. इथे विंडोज नवीन माणसाला चकवतं. साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये सपोर्टेड फॉरमॅट्स नावाचा टॅब आहे. तिथे डॉल्बी डिजिटलची चाचणी घेतली की रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बी डिजिटल झळकतं आणि पाचही स्पीकर वाजतात. पण ती आधीच बांधून ठेवलेली चाचणीची फीत असते. खेळ सुरू केलात की पुन्हा दोनच स्पीकर. एन्कोडर असला तरी बांधण्या-सोडवण्यात थोडा वेळ जातोच, म्हणून ऑप्टिकलला मी शेवटचा पर्याय मानतो.

बहुतेकांची परिस्थिती तिसरी असते: समोर डिस्प्लेपोर्टवाला मॉनिटर आणि बाजूला रिसीव्हर. रिसीव्हर एचडीएमआय २.० चा असेल तर त्यातून ४ के फक्त ६० हर्ट्झवर जातं. १४४० पी १४४ हर्ट्झला खरं तर त्या केबलमध्ये जागा पुरते, पण बरेच रिसीव्हर टीव्हीचे ठरावीक मोडच ओळखतात आणि हा मोड पुढे जाऊच देत नाहीत. म्हणून मॉनिटर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला थेट जोडा आणि त्याच कार्डाच्या मोकळ्या एचडीएमआय पोर्टमधून दुसरी केबल रिसीव्हरला द्या, निव्वळ आवाजासाठी. बऱ्याच कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं, त्यामुळे तीन मॉनिटरवाल्यांचंही यात भागतं. मात्र ही कार्डं साधारण चारच पडदे चालवतात. तीन मॉनिटर आणि रिसीव्हर मिळून चारही जागा भरतात. पुढे व्हीआर किंवा डॅशबोर्डसाठी छोटा पडदा घ्यायचा विचार असेल तर हे आत्ताच ध्यानात ठेवा.

रिसीव्हर नसेल तर विकत घ्यायची घाई नको. मदरबोर्डच्या मागे रंगीत जॅक असतात: हिरवा पुढच्या दोन स्पीकरचा, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचा, काळा मागच्यांचा. सहा चॅनेलची अ‍ॅनालॉग इनपुट असलेला ५.१ संच, उदाहरणार्थ लॉजिटेकचा झेड९०६, यांना थेट जोडता येतो. ना एचडीएमआयची भानगड, ना एन्कोडरची, आणि पडद्याशी तर काही संबंधच नाही. थोडी खरखर आली तर साधं यूएसबी साउंड कार्ड लावा. कमी खर्चात पहिली रिग उभारणाऱ्याला मी हीच वाट सुचवतो.

पायरी ३: विंडोजमधला भुताचा मॉनिटर आवरा

रिसीव्हरला वेगळी एचडीएमआय केबल दिलीत की विंडोजला आणखी एक मॉनिटर दिसू लागतो. एचडीएमआयमध्ये आवाज एकटा प्रवास करत नाही. चित्राच्या ओळींमध्ये ज्या मोकळ्या फटी असतात त्यांत बसून तो जातो, म्हणून चित्राचा सिग्नल चालू ठेवावाच लागतो. हा न दिसणारा पडदा नीट बसवला नाही तर माउस तिकडे हरवतो, खेळाची खिडकी तिकडे उघडते आणि आपण काळ्या मॉनिटरकडे बघत बसतो.

डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ चुकूनही नको, कारण त्यात दोन्ही पडदे सारख्या मोडवर येतात आणि मॉनिटर पुन्हा ६० वर उतरतो. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. मग भुताच्या मॉनिटरचा चौकोन माउसने ओढून खऱ्या मॉनिटरच्या कोपऱ्याला कोपरा लागेल असा तिरका ठेवा, उजवीकडे वर किंवा खाली. बाजूला बाजू लागली तर माउस सहज पलीकडे घसरतो, कोपऱ्यातून तो क्वचितच जातो. खऱ्या मॉनिटरवर ‘हा मुख्य डिस्प्ले’ ही खूण करा.

भुताच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन १०८० पी, ६० हर्ट्झ ठेवा. कार्डावरचा भार वाचवण्यासाठी काही जण ते ६४० बाय ४८० वर आणतात. पण चित्र लहान झालं की मघाच्या फटीही आक्रसतात आणि जास्त चॅनेलचे पर्याय गळू शकतात. रिकाम्या १०८० पी डेस्कटॉपला ग्राफिक्स मेमरीत ८ एमबीच्या आसपास जागा लागते. तेवढ्याची काळजी करायचं कारण नाही.

हे झाल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन खऱ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. १४४ किंवा १६५ दिसला पाहिजे. एनव्हिडिया सराउंडने तीन मॉनिटर एकत्र बांधले असतील, तर रिसीव्हरला त्या गटात घेऊ नका. तो अ‍ॅक्सेसरी डिस्प्ले म्हणून बाहेरच राहू द्या.

आता आवाज. जुन्या कंट्रोल पॅनेलमधलं साउंड उघडा, प्लेबॅकमध्ये रिसीव्हर निवडा, ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ५.१ किंवा ७.१ लावा. पुढे ‘फुल-रेंज स्पीकर’ विचारलं जातं. रिसीव्हर वापरत असाल तर सगळ्यांवर खूण करा आणि बास वेगळा काढायचं काम रिसीव्हरवर सोपवा, साधारण ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरवर (आवाजाच्या ज्या कंपनसंख्येखालचा भाग सबवूफरकडे जातो ती सीमा). दोन्हीकडे कापाकापी झाली तर इंजिनाचा खालचा घुमारा मधल्या मध्ये गायब होतो. विंडोजच्या ५.१ मध्ये बाजूचे स्पीकर आणि मागचे स्पीकर असे दोन प्रकार असतात. चाचणीत मागचे स्पीकर गप्प राहिले तर केबल उपसण्याआधी दुसरा प्रकार लावून बघा.

पायरी ४: स्पीकर रिगभोवती बसवा

५.१ साठी ठरलेले कोन असे: पुढचे डावे-उजवे मध्यरेषेपासून ३० अंशांवर, सराउंड १०० ते १२० अंशांवर. म्हणजे सराउंड स्पीकर कानाच्या किंचित मागे, पाठीमागच्या भिंतीवर नव्हे. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत रिग बऱ्याचदा भिंतीला टेकलेली असते आणि मागे जागाच नसते. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, ५.१ ला ती जागा लागतही नाही. ७.१ च्या मागे अशा खोलीत लागू नका.

एक गोष्ट मात्र घरोघरी नजरेतून सुटते. बकेट सीट असेल तर तिचे डोक्याजवळचे पंख कानाला बाजूने झाकतात. सराउंड स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवलात तर आवाज त्या फोमवर आदळतो आणि शेजारून येणारी गाडी गुळमुळीत ऐकू येते. स्पीकर कानापेक्षा २०-३० सेंटिमीटर वर घ्या आणि तोंड खाली, डोक्याकडे वळवा. सीटवर बसून मोबाइलचा कॅमेरा कानाजवळ धरा. मोबाइलच्या पडद्यावर स्पीकरची आवाज काढणारी गोल चकती पूर्ण दिसली की जागा बरोबर.

तीन पडदेवाल्यांसाठी एक सुखद योगायोग आहे. ३२ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असतील तर मधल्या पडद्याचे सांधे बरोबर ३० अंशांच्या आसपास येतात, म्हणजे पुढच्या स्पीकरची जागा अगदी त्या सांध्यांच्या वर. सेंटर स्पीकरला मात्र जागा उरत नाही. पडद्याच्या मागे दडपून ठेवण्यापेक्षा रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नन’ (None, म्हणजे स्पीकर नाही) करा, रिसीव्हर तो आवाज पुढच्या दोघांत वाटून देतो. रेसिंगमध्ये संवाद जवळजवळ नसतात, त्यामुळे सिनेमाइतकी त्याची उणीव भासत नाही.

रिसीव्हरसोबत मापनाचा माइक येतो, मग त्याच्या मापनपद्धतीचं नाव ऑडिसी असो, वायपाओ किंवा एमसीएसीसी. तो सोफ्यावर नाही, रिगच्या सीटवर, डोकं जिथे असतं तिथे आणि तेवढ्याच उंचीवर ठेवून मापन करा. आवाजाला एक मीटर जायला ३ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. पुढचे स्पीकर ७० सेंटिमीटरवर आणि सराउंड दीड मीटरवर असतील तर हा फरक मापनातूनच सांधला जातो.

पायरी ५: खेळातला आवाज माहितीसाठी लावा

कॉकपिटमध्ये सगळ्यात मोठा आवाज आपल्या इंजिनाचा असतो आणि सगळ्यात कमी माहिती त्यातच असते. गिअर बदलायला तो लागतो, तेवढा ठेवा. टायर किती ताणला गेलाय ते त्याच्या कुरकुरण्यातून कळतं, आणि बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवरच्या ला सूर्ससारख्या तीव्र वळणात आतल्या बाजूला कोणी नाक घुसवलंय का ते विरोधी गाडीच्या आवाजातून. इंजिन ६०-७० टक्क्यांवर आणा, टायर आणि इतर गाड्या १०० वर न्या. बरेच खेळ सुरू होताना विंडोजची स्पीकर मांडणी एकदाच वाचतात, म्हणून विंडोजमध्ये काहीही बदललंत तर खेळ बंद करून पुन्हा चालू करा.

सराउंड आवाजामुळे फ्रेम पडतात का, हे हमखास विचारलं जातं. आजच्या प्रोसेसरवर सहा चॅनेलचा भार नगण्य आहे. ग्रिडवर फ्रेम पडतात त्या गाड्यांच्या गर्दीमुळे, सावल्यांमुळे आणि आरशांमुळे. आरसा म्हणजे तेच दृश्य मागच्या बाजूने पुन्हा रंगवणं, आणि ते महाग पडतं. आवाज इथे पडद्याला खरी मदत करू शकतो. मागचे-बाजूचे स्पीकर नीट बसले आणि क्रू चीफ या सॉफ्टवेअरचा स्पॉटर (शेजारच्या गाडीची सूचना देणारा आवाज) ‘कार लेफ्ट’ म्हणून सांगत असला, की आरशाची गुणवत्ता एक-दोन पायऱ्या खाली आणली तरी शर्यतीत काही बिघडत नाही. आरसे पूर्ण बंद करू नका, पण त्यातल्या प्रतिबिंबांना आणि लांबच्या तपशिलांना खुशाल कात्री लावा. त्यानंतर सावल्या, मग दिसणाऱ्या गाड्यांची संख्या.

रात्री हेडफोन लावणार असाल तर त्रिमितीय आवाजाचा एकच थर चालू ठेवा. विंडोजमधला विंडोज सॉनिक चालू असेल तर हेडसेटचं स्वतःचं ‘७.१’ बंद, आणि खेळातच हेडफोनचा खास पर्याय असेल तर बाकी सगळं बंद. दोन थर एकावर एक चढले की दिशा कळेनाशी होते. ब्लूटूथ हेडफोन तर रिगवर नकोतच, त्यांचा उशीर कानाला सहज कळण्याइतका असतो.

पायरी ६: उशीर स्वतः तपासा

फोनमध्ये २४० फ्रेमचा स्लो-मोशन असेल तर दुसरं यंत्र लागत नाही. गाडी पिटमध्ये उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा. फोनच्या चौकटीत पेडल आणि पडद्यावरचा आरपीएमचा काटा दोन्ही येतील असा धरा आणि थ्रॉटलवर एकदम पाय मारा. नंतर फीत एकेक फ्रेम पुढे सरकवा. पेडल हलल्यापासून काटा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. काही फोन स्लो-मोशनमध्ये आवाज टिपत नाहीत. त्यासाठी साध्या व्हिडिओत तोच प्रयोग करून काटा आणि इंजिनाचा आवाज यांतलं अंतर बघा. आवाज मागे पडत असेल तर रिसीव्हरमध्ये डायरेक्ट मोड (आवाजावर कमीत कमी प्रक्रिया करणारा) लावून बघा, लिप-सिंकची भर शून्यावर आणा, ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असले मोड काढून टाका. डायरेक्टमध्ये मापनाची दुरुस्ती बंद होत असेल तर दोन्ही प्रकारे पाच-पाच लॅप मारा आणि गिअर कशात वेळेवर पडतात ते बघून ठरवा.

पायरी ७: शेजारी, सबवूफर आणि बास शेकर

सोसायटीत खालच्या मजल्यावर जातो तो बास, बाकीचा आवाज दार बंद केलं की बऱ्यापैकी आत राहतो. सबवूफर जाड रबर मॅटवर ठेवा, रिगच्या सांगाड्याला टेकवू नका आणि रात्री दहानंतर बंदच करा. त्या जागी सीटखाली बास शेकर, म्हणजे बासचं कंपनात रूपांतर करणारं यंत्र, लावता येतं. शेकर खोलीत आवाज न भरता सीट हलवतो. सिमहब हे सॉफ्टवेअर खेळाच्या टेलिमेट्रीवरून (गाडीच्या हालचालीच्या माहितीवरून) कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा, धक्का, चाक लॉक होणं, गिअरचा झटका असे परिणाम वेगवेगळे पाठवतं. शेकरलाही लाकडी किंवा जमिनीला पक्की जोडलेली रिग असेल तर खाली रबराचे पाय हवेत, नाहीतर तो फरशीतून खाली जाणारच.

शेकरसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प आणि स्वतंत्र यूएसबी साउंड कार्ड लागतं. ते कार्ड खुपसताच विंडोज कधी कधी त्यालाच डिफॉल्ट करून टाकतं आणि सराउंड अचानक गप्प होतो. डिफॉल्ट पुन्हा रिसीव्हरवर आणा आणि सिमहबमध्ये यूएसबी कार्ड नावाने निवडा. साउंड पॅनेलमध्ये दोन्हींची नावं बदलून ‘रिसीव्हर’ आणि ‘शेकर’ अशी ठेवलीत तर पुढच्या वेळी शोधाशोध वाचेल.

रोज चालू करायचा क्रमही पक्का करा: आधी रिसीव्हर, तो योग्य इनपुटवर आला की मॉनिटर, मग पीसी आणि शेवटी खेळ. खेळ चालू असताना रिसीव्हर बंद केला किंवा त्याचा इनपुट बदलला, की विंडोज सगळे पडदे नव्याने मांडायला घेतं, मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो आणि तेवढ्यात गाडी वाळूत गेलेली असते. घरात बाकीचेही तोच रिसीव्हर टीव्हीसाठी वापरत असतील, तर शर्यतीच्या वेळी रिमोट स्वतःजवळ ठेवा.